औंध संस्थानातील भूमी, उद्योग आणि हवेचा प्रश्न

औंध संस्थानाचा अर्वाचीन इतिहास प्रायः दोन घटनांच्या आधारे मांडला जातो. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडीचा उद्योग उभा राहिला; आणि १९३९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी नव्या राज्यघटनेने ग्रामपंचायतींच्या पायावर प्रजेला सत्ता दिली. मनुष्य व निसर्ग यांच्या संबंधाच्या दृष्टीने या दोन्ही घटना एकत्र पाहणे उद्बोधक ठरते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगाव सोडावे लागले, तेव्हा पंतप्रतिनिधींनी त्यांना सुमारे ३२ एकर जमीन दिली. ती निवडुंगाने व्यापलेली व सर्पांचा सुळसुळाट असलेली होती. अशा जमिनीस आपण सहजपणे पडीक म्हणतो. परंतु फड्या निवडुंग ही मूळची अमेरिकेतील वनस्पती असून ती मनुष्यानेच या देशात आणली. तेव्हा ज्या भूमीवर उद्योग आला, तीही मानवी हस्तक्षेपापासून अलिप्त नव्हती.

किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची हकीकत याच संदर्भात पाहिली पाहिजे. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर विकावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. ती समजूत चुकीची ठरली. तथापि नवे साधन भूमीचे काय करील, ही तीमागील शंका अनाठायी नव्हती. हवेविषयी मात्र तशी शंका सहसा उद्भवली नाही. ओतशाळेच्या भट्टीचा धूर भरभराटीची खूण मानला गेला. आणि गुऱ्हाळात चिपाडे जाळून रस आटविण्याची रीत तर परिचयाचीच होती.

याच सुमारास मुंबईत गिरण्यांच्या धुराने निराळी स्थिती निर्माण झाली होती. तेथे १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्यात आला. ब्रिटिश मुलखातील कायदे संस्थानांत आपोआप लागू होत नसत. शिवाय मोकळ्या माळावरील एका कारखान्याची तुलना दाट वस्तीतील गिरण्यांशी करणे रास्त नव्हे. सबब औंधातील मौनास केवळ बेपर्वाई म्हणता येणार नाही.

१९३९ च्या घटनेपुढे मात्र एक मूलभूत मर्यादा होती. संस्थानाची बहात्तर गावे औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ अशा विखुरलेल्या तुकड्यांत वसलेली होती. विहीर, ओढा वा गायरान यांचा निर्णय गाव करू शकत असे. कारण उपभोग घेणारे आणि हानी सोसणारे बहुतांशी तेच लोक असत. धुरास शीव नसते. तो एका गावात उठतो आणि दुसऱ्या गावात उतरतो.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. आज औंध सातारा जिल्ह्यात, तर कुंडल व आटपाडी सांगली जिल्ह्यात आहेत. कृष्णाकाठी सिंचनाबरोबर ऊस वाढला आणि तोडणीनंतर फडातील पाचट पेटविण्याची प्रथाही रूढ झाली. त्या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. आणि जमिनीस मिळू शकणारे सेंद्रिय द्रव्य जळून जाते. म्हणजे येथे भूमीची हानी व हवेची हानी ही एकाच कृतीची दोन फळे होत.

१९८१ च्या वायुप्रदूषणविषयक कायद्याने कारखान्यांच्या धुरांड्यांवर नियंत्रण आणले. परंतु शेकडो शेतांत विखुरलेल्या लहान आगींवर दूरच्या कार्यालयातून लक्ष ठेवणे दुष्कर असते. पाचट कोण जाळतो, का जाळतो आणि ते सरीत कुजविण्यास त्याला कशाची अडचण आहे, हे गावास ठाऊक असते. धुरांड्याच्या बाबतीत अपुरी ठरणारी ग्रामसत्ता या बाबतीत अधिक समर्थ ठरू शकते. मात्र शेजारच्या गावांनी एकत्र निर्णय घेतला पाहिजे. औंधच्या प्रयोगाचे मोल ठरविताना त्याची ही मर्यादा व हे सामर्थ्य, दोन्ही ध्यानात घेणे अवश्य आहे.