कपाशीच्या सरकीतल्या चिल्टनबाई

थोडं मोठं आहे, पण कापसाच्या मुलखातल्या मित्रांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी विज्ञान आणि तंत्रज्ञानासाठीची राष्ट्रीय पदकं दिली. मानकऱ्यांत आपले अशोक गाडगीळ होते, सुब्रा सुरेश होते, म्हणून इकडे बातमी झाली. त्याच यादीत मेरी-डेल चिल्टन हेही नाव होतं. त्यांच्याबद्दल मराठीत चार ओळी आलेल्या माझ्या तरी पाहण्यात नाहीत. आणि गंमत बघा, विदर्भ-मराठवाड्यातल्या शेताशी त्यांच्या कामाचा संबंध थेट सरकीतून येतो.

गोष्ट सुरू होते झाडाच्या एका रोगापासून. खोडाला जमिनीलगत गाठ येते आणि ती वाढतच जाते. ही गाठ एका जिवाणूमुळे होते हे १९०७ मध्येच कळलं होतं. त्याचं नाव अ‍ॅग्रोबॅक्टेरियम. पुढे १९४० च्या दशकात आर्मिन ब्राऊन यांनी दाखवलं की गाठ एकदा सुरू झाली की जिवाणू मारून टाकला तरी ती वाढत राहते. म्हणजे जिवाणू जाताना मागे काहीतरी ठेवून जातो. ते काय, यावर पुढची तीसेक वर्षं वाद चालला. काही जण म्हणाले, जिवाणू आपला डीएनएच झाडात सोडतो.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात काम करणाऱ्या चिल्टनबाईंना हे पटलं नव्हतं. जिवाणूचा डीएनए झाडात? कसं शक्य आहे? हा दावा खोडून काढायचा म्हणूनच त्या या कामात उतरल्या. युजीन नेस्टर आणि मिल्टन गॉर्डन हे त्यांचे सहकारी. १९७४ मध्ये या गटाने छापलंसुद्धा की गाठीत जिवाणूचा डीएनए सापडत नाही. आपलं म्हणणं सिद्ध झालं, विषय संपला, असं म्हणून त्या मोकळ्या होऊ शकल्या असत्या.

पण त्याच सुमारास बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी शोधलं की रोग घडवणारा डीएनए जिवाणूतल्या एका वेगळ्या, गोल कड्यावर असतो. मग चिल्टनबाईंच्या गटाने पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. त्या कड्याचे तुकडे केले आणि एकेक तुकडा गाठीच्या डीएनएशी जुळतो का ते पाहिलं. बहुतेक तुकडे जुळले नाहीत. एक जुळला. १९७७ मध्ये त्यांनी तेही छापलं. जे खोटं ठरवायला निघाल्या होत्या, तेच खरं असल्याचा पुरावा स्वतःच्या सहीने दिला.

एवढं कळल्यावर पुढची पायरी उघड होती. जिवाणू स्वतःचा डीएनए झाडात घालू शकतो, तर गाठ आणणारा भाग काढून त्याजागी आपल्याला हवा तो जनुक ठेवला तर? १९८३ च्या जानेवारीत मायामीच्या एका परिषदेत तीन गटांनी हे जमल्याचं सांगितलं: गेंटचा गट, मोन्सँटो कंपनीचा गट आणि चिल्टनबाईंचा गट. त्याच वर्षी त्या सिबा-गायगी कंपनीत गेल्या. तिचा शेतीविभाग पुढे सिंजेन्टाचा भाग झाला. २०१३ मध्ये त्यांना मार्क व्हान मोंटाग्यू आणि रॉबर्ट फ्रेली यांच्यासोबत जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तेव्हा कंपन्यांशी असलेल्या याच नात्यावरून टीकाही झाली. हाच पुरस्कार १९९८ मध्ये जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला होता.

इथून धागा आपल्या दारात येतो. बारवाल्यांच्या महिकोने मोन्सँटोशी भागीदारी केली आणि मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. त्या कपाशीत बोंडअळी मारणारा जनुक घातला गेला होता तो याच जिवाणूच्या वाटेने.

सुरुवातीला हिरव्या बोंडअळीचा त्रास खरंच कमी झाला. ज्यांनी ते दिवस पाहिलेत ते नाकारणार नाहीत. पण नियम असा होता की बीटीच्या कडेने किमान ५ ओळी किंवा २० टक्के क्षेत्र नॉन-बीटी लावायचं. त्यासाठी थैलीत वेगळं छोटं पाकीट येई. हेतू हा की त्यावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा संकर बीटी पचवलेल्यांशी व्हावा आणि प्रतिकारशक्ती पसरू नये. ते पाकीट किती जणांनी लावलं, हे आपापल्या गावात विचारून बघा. ते का लावायचं हे शेतकऱ्याला नीट समजावून सांगणारा माणूसही बांधावर क्वचितच आला. वर फरदड घ्यायची सवय. गुलाबी बोंडअळीला वर्षभर पंगत मांडून ठेवली आपण. २०१७ मध्ये बोंडंच्या बोंडं किडली. त्याच हंगामात यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली.

सरकारी संशोधनाने तरी तपासणी चोख ठेवायची? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं 'बीकानेरी नर्मा बीटी' हे सरळ वाण २००९ मध्ये बाजारात आलं. त्याचं बियाणं घरी राखता आलं असतं, दरवर्षी दुकानात जायची गरज नव्हती. पण त्यात मोन्सँटोचाच जनुक आढळला आणि विक्री थांबवावी लागली. हे बाजारात येण्याआधी सापडायला हवं होतं. गरिबाच्या उपयोगाचं चांगलं काम असं वाया गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता वाद आहे एचटीबीटीचा. जून २०१९ मध्ये अकोल्याच्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ते बियाणं उघडपणे पेरलं. तेव्हापासून एक बाजू म्हणते हेच तारणार, दुसरी म्हणते हेच मारणार. दरम्यान 'चोर बीटी' बिनापावती विकलं जातं. फसवणूक झाली तर शेतकऱ्याने तक्रार कुठे करायची?

माझं म्हणणं साधं आहे. सरकारने खुल्या चाचण्या घ्याव्यात, आपल्याच मातीत, कोरडवाहूतही. निकाल कुणाच्याही बाजूने लागोत, मराठीत छापावेत, कापूस खरेदी केंद्रांवर लावावेत. आणि आपण, दोन्ही बाजूंच्यांनी, ते वाचायची तयारी ठेवावी.

चिल्टनबाईंच्या कंपनीशी कुणाचं पटो न पटो, १९७४ ते १९७७ या तीन वर्षांत त्यांनी जे केलं ते पदकाच्या लायकीचं होतं. कमेंटमध्ये बीटीच्या बाजूने किंवा विरोधात लिहाल तेव्हा एवढंही लिहा: कोणता पुरावा समोर आला तर तुम्ही तुमचं मत बदलाल?