तापलेल्या हवेचे बळ : मुंबई ते पंचाळे, २००५

१/
२६ नोव्हेंबर २००५. सकाळी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून एक अवाढव्य फुगा आकाशात झेपावला. त्याखालच्या बंदिस्त कक्षात ६७ वर्षांचे उद्योगपती विजयपत सिंघानिया होते. काही तासांनी ते नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील पंचाळे गावी उतरले, ते २१,०२७ मीटर उंचीचा जागतिक विक्रम करूनच.

२/
या फुग्यात हायड्रोजन नव्हता, हेलियमही नव्हता. होती ती बर्नरने तापवलेली साधी हवा. मग ती इतके वजन उचलते कशी?

३/
१७८३ साली फ्रान्समध्ये मोंगोल्फिए बंधूंनी पहिला फुगा उडवला, तेव्हा धुरातच उचलण्याची शक्ती असते असा त्यांचा समज होता. खरे कारण उष्णता. वायू तापला की प्रसरण पावतो. फुग्याचे तोंड खाली उघडे असल्याने जास्तीची हवा बाहेर पडते. आकार तोच राहतो, आतले वजन घटते. पाण्यात दाबलेला भोपळा उसळतो, तसा भोवतालच्या जड हवेत फुगा वर जातो.

४/
समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा सुमारे १,२२५ ग्रॅम भरते. १०० अंशांना सुमारे ९४५. हा २८० ग्रॅमांचा फरक म्हणजेच उचल. हेच गणित परभणीच्या मे महिन्यातील दुपारी, पारा ४२ अंशांवर असताना मांडले, तर उचल १७० ग्रॅमांच्या आसपास येते. कारण बाहेरची हवाही तापून हलकी झालेली असते. फुगे पहाटेच्या गारव्यात सोडतात, त्याचे हे एक कारण.

५/
२१ किलोमीटरवर अडचण वेगळी. तेथील घनमीटरभर हवेचे वजनच सुमारे ७५ ग्रॅम. ती १०० अंशांपर्यंत तापवली, तरी उचल मिळते जेमतेम ३० ग्रॅम. म्हणून सिंघानियांचा फुगा १६ लाख घनफुटांचा, म्हणजे सुमारे ४५ हजार घनमीटरांचा होता. थेंबे थेंबे तळे साचे, तसे या ग्रॅमांचे टनाहून अधिक होतात.

६/
त्या उंचीवर हवेचा दाब इतका कमी असतो की, पाणी शरीराच्या तापमानालाच उकळते. बंद कक्षातील दाब टिकला नसता, तर मृत्यू अटळ होता. ज्योतीलाही प्राणवायू अपुरा पडतो. पेर लिंडस्ट्रँड यांचा १९८८ चा १९,८११ मीटरांचा विक्रम सतरा वर्षे अबाधित राहिला, तो यामुळेच. वर जावे तसतशी, ज्या हवेने फुगा तोलायचा आणि ज्योत जगवायची, तीच सरत जाते.