वेळेवर कोण आलं, गाडी की माणूस?

पीएचडीचं प्रपोजल लिहायला बसले तेव्हा माझा विषय होता 'मुंबईच्या उपनगरीय रेल्वेची वक्तशीरता'. कच्चा आराखडा वाचून गाइडनी एकच प्रश्न विचारला, "कुणाची वक्तशीरता? गाडीची की माणसाची?" मी म्हटलं, एकच ना? त्या नुसत्या हसल्या. माझे पुढचे चार महिने या प्रश्नातच गेले, आणि तुमच्यापैकी जे सध्या विषय शोधतायत त्यांच्यासाठी तेच आज लिहितेय.

एका गाडीने थेट पोचणाऱ्याच्या बाबतीत दोन्ही जवळपास एकच असतं. गाडी पाच मिनिटं उशिरा, तर माणूसही पाच मिनिटं उशिरा. गाडी बदलावी लागली की हे गणित मोडतं. समजा तुम्ही ९.०२ ला जंक्शनवर उतरणार आणि ९.०५ ची दुसरी गाडी पकडणार. पहिलीला चार मिनिटं उशीर झाला. दुसरी गाडी दर चार मिनिटांनी असेल तर फारसं काही बिघडत नाही, पुढची मिळते. पण ती दर अर्ध्या तासाने असेल तर तुम्ही थेट ९.३५ ला. रेल्वेच्या लेखी उशीर चार मिनिटांचा, तुमच्या लेखी तीस मिनिटांचा. आता कर्जत किंवा कसाऱ्याकडच्या माणसाचा विचार करा. सकाळी तो कमी गाड्यांच्या भागातून जास्त गाड्यांच्या भागात येतो, संध्याकाळी उलट. म्हणजे रस्ता तोच, अंतर तेच, पण संध्याकाळचा प्रवास जास्त बेभरवशाचा. टक्केवारीचा एकच आकडा हा फरक गिळून टाकतो.

इतिहासात मागे गेलं तर दिसतं की मुंबईत जुळवाजुळवीची पहिली अडचण दोन गाड्यांची नव्हतीच, ती गाडी आणि घड्याळ यांची होती. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि पुढच्या काळात रेल्वे मद्रास टाइमवर चालू लागली. शहर मात्र स्वतःच्या बॉम्बे टाइमवर. दोन्हींत सुमारे तीस मिनिटांचा फरक. घरातल्या घड्याळावर विसंबून स्टेशनात आलेल्या माणसाची गाडी अर्ध्या तासापूर्वीच गेलेली असायची! १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी शहरावर मद्रास टाइम लादायचा प्रयत्न केला. विरोध इतका झाला की १८८३ मध्ये तो सोडून द्यावा लागला. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, ती बॉम्बे टाइमच्या ३९ मिनिटं पुढे. तरी मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नाही. या प्रकरणावर जिम मॅसेलोस यांनी लिहिलंय, जरूर वाचा. एरवी याकडे राष्ट्रवादाच्या अंगाने बघितलं जातं, ते बरोबरच आहे. मला त्यात रोज मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करणारा प्रवासीही दिसतो.

दुसरी अडचण दोन कंपन्यांची. जीआयपी आणि बीबीसीआय या वेगळ्या रेल्वे. दादरला शेजारी-शेजारी, पण रूळ वेगळे, वेळापत्रकं वेगळी. १९५१ मध्ये त्यांची मध्य आणि पश्चिम रेल्वे झाली, तरी दुपदरीपण राहिलंच. अगदी डिसेंबर २०२३ पर्यंत दादरला एक नंबरचे प्लॅटफॉर्म दोन होते, एक 'सेंट्रलचा', एक 'वेस्टर्नचा'. नव्या माणसाला "एक नंबरवर भेट" सांगून चालायचं नाही. मुंबईने गाड्या एकमेकींशी जुळवण्यापेक्षा दुसराच उपाय धरला: गाड्याच इतक्या सोडायच्या की जुळवायची गरज पडू नये. १९२५ मध्ये व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. विजेची गाडी चटकन वेग घेते, चटकन थांबते, त्यामुळे एकामागून एक सोडता येते. उपाय चांगला, पण शहराच्या आतल्या भागापुरता.

आता आत्या. नव्वदच्या दशकात माझी आत्या दोन गाड्या बदलून ऑफिसला जायची. स्टेशनांची नावं देत नाही, तिलाच नको आहेत. ऑफिसात तीन लेट मार्क झाले की एक सीएल कापली जायची. पहिल्या सहा महिन्यांतच तिच्या बऱ्याच सीएल अशा गेल्या. मग तिने मार्ग काढला: लागते त्याच्या एक गाडी आधीची पकडायची. त्यानंतर लेट मार्क जवळजवळ नाहीच. पण बहुतेक दिवशी ती ऑफिस उघडायच्या आधी पोचायची आणि जिन्यात बसून भाजी निवडायची. माझा आतेभाऊ तेव्हा तीन वर्षांचा. शनिवार-रविवार सोडले तर तो उठायच्या आत आई गेलेली असायची.

हे सगळं तिच्या पॉकेट डायऱ्यांमध्ये आहे. कुठली गाडी मिळाली, कुठली चुकली, किती वाजता पोचले. रोज एक ओळ, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी.

माझा विषय बदलला तो इथे. मस्टर बघा: बाई वेळेवर. पहिली गाडी चार-पाच मिनिटं मागेपुढे झाली असेल, ती कुणी मोजतही नाही. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, आणि दोन्हींत उशीर नाही. मग तो गेला कुठे? आत्याने तो आधीच, पहाटेच्या चाळीस मिनिटांत भरून टाकला होता. प्रवासी जे मार्जिन ठेवतो त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही, कारण रजिस्टर गाडीचं असतं, प्रवासाचं नाही.

मार्जिन नुसतं वेळेचं नसतं, जागेचंही असतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्या जागी ऑफिसं आली, आणि परळला उतरून एल्फिन्स्टन रोडच्या बाजूला जाणाऱ्यांची गर्दी वाढत गेली. दोन रेल्वेंना जोडणारा पादचारी पूल मात्र अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पावसात त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन किमान २२ जण गेले. नंतर लष्कराने तिथे नवा पूल बांधला. वेळापत्रकात असा पूल कुठेच नसतो. गाडी किती वाजता येते हे असतं. एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो, हे नसतं.

तुमच्या कामात याचा उपयोग असा: जुनं वेळापत्रक हाती लागलं तर ते घडलेल्या गोष्टींची नोंद म्हणून वाचू नका. ते आश्वासन आहे. पाळलं गेलं का, हे दुसरीकडे शोधावं लागतं, आणि न पाळण्याची भरपाई कोणी केली हे तिसरीकडेच. मस्टर, रजेचे अर्ज, पाळणाघराच्या वेळा, घरच्या डायऱ्या. एका आत्यावरून सगळ्या शहराबद्दल बोलता येत नाही, हे मला व्हायवात ऐकवलं जाणारच आहे आणि ते खरंही आहे. म्हणून आता अशा आणखी डायऱ्या शोधतेय. पुरुषांच्या कमी मिळतायत; त्यांनी लिहिल्या नाहीत की जपल्या नाहीत, अजून सांगता येत नाही.

आत्याच्या नऊ डायऱ्यांपैकी पाच स्कॅन झाल्यात. सहावी द्यायच्या आधी तिला स्वतः एकदा वाचायची आहे, म्हणून ती सध्या तिच्याकडेच आहे.