फटफटीची हजेरी

साताऱ्याच्या इतिहासावर लिहायला बसलेला माणूस सहसा अजिंक्यताऱ्यावरून सुरुवात करतो. मी करणार आहे ती आमच्या घरच्या फटफटीपासून. वाचकांनी एवढे धाडस पोटात घालावे. दिवाळीच्या तोंडावर घरोघर समया आणि पितळी डबे चिंचेने घासून उजळले जातात. आमच्या घरी त्याच दिवशी अंगणात बुलेट धुतली जाते आणि तिची एखादी हकीकत हटकून निघते. यंदा ती हकीकत मुळापासून सांगावी असे मनात आले, आणि मूळ शोधता शोधता मी थेट घोड्यांच्या पागेत जाऊन पोहोचलो.

मराठी फौजेत स्वार दोन तऱ्हांचे. सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. घोडे चांगले राखण्यात शिलेदाराचा स्वार्थही होता आणि अब्रूही होती. तिकडे मोगलांच्या फौजेत मनसबदारांनी हजेरीच्या दिवशी उसनी तट्टे आणून उभी करू नयेत म्हणून घोड्याला डाग देत आणि स्वाराचा ‘चेहरा’, म्हणजे त्याचे वर्णन, दप्तरात टिपून ठेवीत. आज परिवहन कार्यालयाच्या आवारात गाडीच्या चासी नंबरावर कागद धरून वर पेन्सिल घासतात आणि तो छाप अर्जासोबत लावतात, तेव्हा मला त्या डागाची आठवण होते. सरकारचा प्रश्न तोच आहे: हे जनावर तेच का, आणि ते चाकरीला धड आहे का?

आमचे आप्पा या अर्थाने शिलेदार होते. साताऱ्यात त्यांचे ऑइल एंजिनांच्या सुट्या भागांचे दुकान होते. कृष्णाकाठच्या गावांतून मळीचे शेतकरी पंप बंद पडला की निरोप धाडीत आणि आप्पा वायसर, रिंगा, नोझल पिशवीत घालून निघत. या फिरतीसाठी त्यांनी 1968 साली बुलेट घेतली.

बुलेट हे नाव 1932 सालचे, विलायतेतल्या रॉयल एन्फिल्ड कंपनीने दिलेले. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवरच्या गस्तीसाठी आपल्या लष्कराने ही गाडी पसंत केली, आणि 1955 साली मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन एन्फिल्ड इंडिया ही कंपनी निघाली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. आधी सुटे भाग जहाजाने यायचे आणि इथे जोडले जायचे. काही वर्षांत ते इथेच घडू लागले. पुढे मौज अशी झाली की 1970 च्या सुमारास विलायतेतली मूळ कंपनी बंद पडली आणि 1977 साली मद्रासची बुलेट उलट विलायतेला जाऊ लागली. लेकीच्या घरून आईला डबा जावा, तशातला प्रकार.

पण मद्रासची ही गाडी सातारा-सांगलीच्या मातीत इतकी कशी रुजली? 1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि 1960 साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. कागदावर जिल्हे दोन झाले, तरी कऱ्हाड, पेठ, आष्टा करीत सांगलीला जाणारा रस्ता, दोहो बाजूंचा ऊस आणि विहिरीवर टकटकणारी एंजिने एकच राहिली. साताऱ्यात 1922 पासून कूपरांचा कारखाना होता. कुंडलच्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. तिथून नांगर आणि पंप निघत. या दोन ठिकाणांच्या भोवती लेथ चालवणारे, बुश ठोकणारे, व्हॉल्व्ह घासून बसवणारे कारागीर तयार झाले. बुलेटचे 346 घनसेंटिमीटरचे एंजिन म्हणजे बिडाच्या सिलिंडरात वरखाली होणारा एकच दट्ट्या. ज्याने विहिरीवरचे एंजिन उघडले आहे, त्याला बुलेटचे पोट परके वाटत नाही. गाडी टिकाऊ होती हे खरेच, पण तिच्या टिकाऊपणात या मिस्त्री लोकांचा वाटा अर्धा आहे असे माझे मत आहे. पुढे 1975 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या ‘प्रिया’ साताऱ्यातच तयार होऊ लागल्या आणि घरोघर गेल्या, तरी आप्पांनी घोडे बदलले नाही.

ही गाडी चालू करणे हा एक विधी होता. किल्ली फिरवायची. किक हळूहळू दाबत न्यायची, दाब लागला की थांबायचे. मग डाव्या हाताखालचा डिकॉम्प्रेसरचा छोटा खटका ओढून किक तसूभर पुढे ढकलायची. अँमीटरचा काटा मध्यावर आला की खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण अंगाने एकच लाथ. ज्याने घाई केली त्याच्या पोटरीवर गाडी उलटी लाथ मारी. गिअर उजव्या पायाशी, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. ब्रेक डाव्या पायाशी. आजच्या गाड्यांच्या हे अगदी उलट. तेल थोडेफार गळायचेच. आप्पा खाली पत्र्याचे झाकण ठेवीत आणि म्हणत, “गळतंय तोवर काळजी नाही. गळायचं थांबलं की समजावं, आतलं संपलं.”

आता मुख्य गोष्ट. मोटार वाहनांचा 1988 चा कायदा 1 जुलै 1989 पासून अमलात आला. त्यात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे गाडी तपासून दर वेळी पाच वर्षांसाठी ती नवी करून घ्यावी लागते. लोक याला सरळ ‘पासिंग’ म्हणतात. 1990 साली आमच्या बुलेटचे पहिले पासिंग आले. मी तेव्हा सांगलीला नोकरीत होतो. रजा काढून साताऱ्याला गेलो. आप्पांनी गाडी अशी चमकवली होती की टाकीत तोंड पाहावे.

तपासणीला एक तरुण निरीक्षक होते. त्यांनी नंबर ताडून पाहिला, दिवा लावायला सांगितला, हॉर्न ऐकला. मग म्हणाले, “एक फेरी मारा आणि मी हात केला की थांबा.” आप्पांनी फेरी मारली. हात झाला. गाडी थांबली, पण ठरल्या जागेच्या बरीच पुढे. दुसऱ्या फेरीतही तेच. निरीक्षकांनी अर्जावर शेरा लिहिला.

आप्पांचा पारा चढला. “बावीस वर्षांत या गाडीनं मला एकदाही रस्त्यात टाकलं नाही, साहेब.”

“खरं आहे, काका,” ते शांतपणे म्हणाले. “गाडी उत्तम धावते, हे मी पाहिलं. ती थांबते का, एवढंच मला लिहायचं आहे.”

परतताना आप्पा एक अक्षर बोलले नाहीत. संध्याकाळी वस्तादांनी पुढचे चाक काढून ड्रम उघडला. ब्रेकचे अस्तर झिजून रिपिटांपर्यंत आले होते आणि रिपिटांच्या डोक्यांनी ड्रमला चरे पाडले होते. दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. धावण्याची काळजी घेताना थांबण्याकडे कुणाचे लक्षच गेले नव्हते. आणि याच गाडीवर दर सोमवारी आप्पा आईला मागे बसवून यवतेश्वराला नेत, आणि तो घाट उतरून येत. वस्तादांनी ड्रम हातात धरून आईकडे पाहिले आणि म्हणाले, “वहिनी, देवाला आणखी एक नारळ द्या.” आई हसली नाही. आप्पा उठून आत गेले. पंधरा दिवसांनी गाडी पास झाली, पण आमच्या घरचे खरे पासिंग त्या संध्याकाळी झाले असे मी मानतो.

दुसऱ्या दिवसापासून आप्पांनी एक वही घातली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, केबली, पॉइंट, चेन, टायर. शेजारी तारीख आणि काय आढळले ते. बखरकाराला शोभेल अशी बारीक, टपोरी लिखावट.

पुढे वाचनात आले की हा अनुभव आमच्या एकट्याचा नव्हे. इंग्लंडात सप्टेंबर 1960 मध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. पाहायचे फक्त ब्रेक, दिवे आणि सुकाणू. नापासांचे प्रमाण एवढे निघाले की 1961 सालीच दहाची मर्यादा सातवर आणली आणि 1967 साली तीनवर. याच इंग्लंडने 2018 साली चाळीस वर्षांवरच्या, फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना तपासणीतून सूट दिली. कारण असे की त्या गाड्या थोड्याच उरल्या आहेत आणि ज्यांच्याकडे आहेत ते त्या जिवापाड जपतात. कारण पटण्यासारखे आहे. पण आप्पाही जिवापाड जपत होतेच की!

आप्पा गेल्यावर गाडी माझ्याकडे सांगलीला आली. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर चढले आणि गावभागातले आमचे घर पाण्यात गेले. नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. पाणी ओसरल्यावर परतलो तेव्हा बुलेट हँडलपर्यंत गाळाने माखलेली होती. सांगलीच्या मिस्त्रींनी एंजिन उघडले, गाळ काढला, तेल तीनदा बदलले, वायरिंग नवे घातले, पॉइंट घासले. सहाव्या आठवड्यात अँमीटरचा काटा हलला आणि गाडी बोलली. गल्लीतली माणसे दारात आली. त्या दिवसांत काहीही पुन्हा सुरू झाले की लोक असेच बाहेर येऊन उभे राहत.

गाडी वाचली, कागद मात्र गेले. ट्रंकेतल्या नोंदणीपुस्तकाचा लगदा झाला होता. अर्ज केला, आणि दुसरी प्रत मिळाली. घर बुडाले तरी सरकारदप्तरी आमची गाडी कोरडी होती. दप्तराला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी एक. त्या दिवशी मनातल्या मनात शब्द मागे घेतले. पण त्याच ट्रंकेत आप्पांची वही होती. तिची दुसरी प्रत कुठल्याही कार्यालयात मिळणार नव्हती. 

2025 साली पुन्हा पासिंग आले. पुण्याचा मुलगा म्हणाला, “बाबा, आता तिला व्हिंटेज करून टाका.” 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे. मान मोठा आहे, पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. त्याचे म्हणणे चूक नव्हते. माझा गुडघा किकेला कुरकुरतो, आणि जुन्या एंजिनाचा धूर कितीही मापात बसला तरी धूरच. 2000 सालच्या मार्चअखेरपूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 4.5 टक्के आहे. नव्या गाड्यांच्या मानाने ही सवलतच. तरीही मी नेहमीचाच अर्ज भरला. शिलेदाराचे घोडे दिवाणखान्यात बांधून ठेवायचे माझ्याने होईना.

नात सोबत आली होती. तिने उजव्या पायाचा गिअर शिकून घेतला आहे. किक मात्र अजून तिला दाद देत नाही. निरीक्षक बाईंनी फेरी मारायला लावली आणि हात केला. गाडी जागच्या जागी थांबली. मला पस्तीस वर्षांपूर्वीचे आप्पा दिसले.

घरी येऊन नातीने एक कोरी वही काढली आणि विचारले, “आजोबा, पहिल्या पानावर काय लिहू?”

मी सांगितले, “तारीख घाल. पुढचा ब्रेक उघडून पाहिला, असं लिही.”

ती पेन खाली ठेवून उठली. “मग आधी उघडूया,” म्हणाली, आणि पाना आणायला गेली.