घोड्याची लाथ आणि शक्यतेचा आलेख

घोड्याच्या लाथेने शिपाई दगावला, तर बोल कुणाला लावायचा? प्रशियाच्या सैन्यात १८७५ ते १८९४ या वीस वर्षांत झालेल्या अशा मृत्यूंचे आकडे बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ साली प्रसिद्ध केले. रचनेने सारखे असे दहा सैन्यविभाग आणि वीस वर्षे, म्हणजे दोनशे नोंदी. त्यांपैकी १०९ नोंदींत मृत्यू नाही. ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एकाच नोंदीत चार.

ही झाली वारंवारतेची सारणी. आता प्रत्येक आकड्याला २०० ने भागा: ०.५४५, ०.३२५, ०.११०, ०.०१५, ०.००५. बेरीज बरोबर एक! आडव्या रेषेवर मृत्यूंची संख्या आणि उभ्या रेषेवर हे अपूर्णांक घेऊन खांब काढा, की झाला शक्यतेचा आलेख.

प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली मांडलेल्या सूत्रात ०.६१ ही सरासरी घातली, तर पहिले खांब ०.५४३ आणि ०.३३१ असे येतात. किती जवळ! मग चार मृत्यूंच्या त्या एका वर्षासाठी तिथल्या अधिकाऱ्याला लगेच दोषी का धरावे? निव्वळ योगायोगानेही दोनशेत एखादी अशी नोंद येऊ शकते. गुरुजी, मुलांना हे जरूर शिकवा: आधी आलेख काढावा, मग बोट दाखवावे.