बडोद्याची नोकरी आणि बंगल्याचा अर्ज

मी नोकरीसाठी बडोद्याला आलो तेव्हा ट्रकभाडं कंपनीनं दिलं होतं. म्हणून १९१७चा एक हिशेब मला खुपतो. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बाबासाहेब आंबेडकर इथे संस्थानच्या नोकरीवर आले, पण हाताशी प्रवासखर्चाचेही पैसे नव्हते. त्यांचं सामान नेणारी बोट महायुद्धात बुडाली होती. थॉमस कुक कंपनीनं त्याची भरपाई म्हणून दिलेल्या ६०० रुपयांतून तो खर्च निघाला. राहण्यासाठी दिवसाला दीड रुपया भरून, पारशी नाव सांगून ते पारशी उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशी जमावानं त्यांना बाहेर काढलं. सरकारी बंगल्यासाठी दिवाणांकडे केलेला अर्ज मात्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरतच होता. तो वेळेत मंजूर झाला असता तर?