मायग्रेशन नाकारणारं थिएटर

पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर ६ जून १९३३ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सुरू झालं. रिचर्ड हॉलिंग्सहेडची युक्ती साधी होती. गाडीची पुढची चाकं उंचवट्यावर चढवायची, म्हणजे पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसतो. १९५८ च्या सुमारास देशात अशी चार हजारांहून अधिक थिएटरं होती. तिथे तरुण पोरांची गर्दी व्हायची, आणि त्यांच्यासाठी झटपट, स्वस्तात काढलेले भयपट एका तिकिटात दोन असे लागायचे. उघडं माळरान आणि चहूकडे काळोख! भुताला आणखी काय हवं?

पुढे जमिनी महागल्या, बरीच थिएटरं बंद पडली. उरलेल्यांवर २०१४ च्या आसपास नवं संकट आलं. स्टुडिओंनी फिल्मच्या रिळांऐवजी डिजिटल फाइल्स पाठवायला सुरुवात केली. नवा प्रोजेक्टर घ्या, नाहीतर टाळं लावा. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे याला मायग्रेशन म्हणतात, आणि 'नको' हा पर्याय सहसा नसतो.

पेनसिल्व्हेनियातल्या लीहायटन गावच्या महोनिंग ड्राइव्ह-इनने तो निवडला. हे थिएटर १९४९ मधलं. डिजिटल प्रोजेक्टरचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून त्यांनी ठरवलं: नवे सिनेमे नकोतच, फक्त ३५ मिमी फिल्मवरचे जुने दाखवू. ज्या यंत्रामुळे धंदा बुडणार होता, तेच यंत्र लोकांना खेचू लागलं. दूरदूरून गाड्या येऊ लागल्या.

तिथे 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) मालिकेसाठी खास रात्री ठेवतात. त्याचा संगीतकार हॅरी मॅन्फ्रेडिनी याने एक नियम पाळला होता: खुनी जवळपास असेल तेव्हाच संगीत वाजायचं. ती प्रसिद्ध 'की-की-की, मा-मा-मा' कुजबुज त्याच्याच आवाजातली, प्रतिध्वनीच्या यंत्रातून काढलेली. आजच्या ड्राइव्ह-इनमध्ये आवाज एफएमवरून गाडीच्या रेडिओत येतो. म्हणजे खुनी दूर पडद्यावर आणि कुजबुज तुमच्या दारातल्या स्पीकरमधून. हेडफोन लावून मोबाईलवरही ती ऐकू येते, पण तेव्हा काचेबाहेर खरा अंधार नसतो.

जुना माहोल उभा करायचा म्हटलं की आपण पोस्टर, निऑन दिवे, पॉपकॉर्नचे पट्टेरी डबे आणतो. ते विकत मिळतं. फिल्मचं तसं नाही. प्रत्येक खेळागणिक प्रिंट थोडी झिजते, जुन्या रंगीत प्रिंटा लालसर पडतात, आणि तुटलेली फिल्म जोडता येणारा माणूस प्रोजेक्टरपाशी लागतो.

२०२१ मध्ये महोनिंगच्या जागेवर सौरऊर्जा प्रकल्प येणार अशी बातमी आली. चाहत्यांनी इतका गलका केला की काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. सौरऊर्जेला कुणाचा विरोध नव्हता. पण पॅनेल दुसऱ्या माळावरही बसतात. ती यंत्रं, तो पडदा आणि ते चालवणारे हात एकत्र असलेला माळ मात्र एकदा गेला की गेला.